त्यातूनच कापून घ्या

आमच्या गुरुवारच्या मंडळात पोथी वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ पाट उचलायला लागतो. आरती होते, प्रसाद होतो, कुणीतरी पाट उचलायला वाकते आणि वाकल्या वाकल्या म्हणते, "अगं, एक सांगायचं राहिलंच." की पाट तिथेच आणि आम्हीही तिथेच. असे किस्से कुणी घरी नेत नाही. ते डब्यातल्या फुलवातींसारखे साठत जातात. एक काढायला जावं तर तीन चिकटून येतात.

मागच्या हिवाळ्यात जमलेले बहुतेक किस्से एकाच विषयाचे होते. आमच्या सुमनवहिनींचे पैसे मोबाइलमधल्या एका ॲपात अडकले, आणि ते काढायचे तर आधी आणखी पैसे भरा, असे निरोप येऊ लागले. वहिनीच मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहा. माझं नाव घालून लिहा. मला लाज वाटायची ती वाटून झाली. आता दुसरीचे पैसे तरी वाचू देत." नावं मी तरीही बदलली आहेत. तेवढं त्यांनी मला माफ करावं.

आम्ही बीडमधल्या पाली रस्त्याकडच्या एका कॉलनीतल्या दहा-बारा जणी. पण या हकिगतीत मुख्य तिघीच. सुमनवहिनींचे यजमान माजलगावकडच्या साखर कारखान्यात फिटर. उसाचा हंगाम सुरू झाला की ते तिकडेच राहतात, सुट्टीला घरी येतात. गयाकाकू आमच्यात सगळ्यात मोठ्या, माहेर-सासर दोन्ही गेवराईकडचं, उपास सगळे आणि जीभ तिखट. शीतल ही काकूंची नातसून. मोबाइलमधलं काही अडलं की आम्ही तिच्याकडे जातो.

*

सुरुवात पेढ्यांपासून झाली.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. "कशाचे?" विचारलं, तर म्हणाल्या, "नाण्याचे."

मग कळलं की 'सुखी गृहिणी' नावाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्यांना कुणीतरी घातलं होतं. तिथल्या मीरा मॅडमने एक ॲप दिलं. त्यात थोडे पैसे घालून वहिनींनी कुठलंसं कॉइन घेतलं, आठवड्यात ते वाढलं, आणि वाढलेले पैसे काढले तर खरोखर बँकेच्या खात्यात आले. वहिनींनी बँकेचा मेसेज सगळ्यांना दाखवला. खोटं म्हणायला जागाच नव्हती. पैसे आले होते ना.

गयाकाकूंनी हात पुढे केला. "नाणं दाव."

"काकू, ते दिसत नसतं. मोबाइलात असतं."

"हातात घेता येतं का?"

"नाही हो. नुसतं रोज वाढतं."

काकूंनी दुसरा पेढा तोंडात टाकला. "दिसत न्हाई, हाती येत न्हाई अन् रोज वाढतंय. तसलं मला बी हाय. डाक्टर त्याला शुगर म्हनतो."

आम्ही हसलो. वहिनीही हसल्या. आणि त्याच आठवड्यात त्यांनी लेकीच्या, पूजाच्या, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी साठवलेले सगळे पैसे त्या ॲपात घातले. पहिल्यांदा थोडे पैसे सुखरूप परत येतात ते कशासाठी, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता कॉलनीतल्या चिमुरड्यांनाही ठाऊक आहे.

*

फी भरायचा दिवस जवळ आला तेव्हा वहिनींनी ॲप उघडून पैसे काढायचं बटण दाबलं. पैसे तर भरपूर दिसत होते, तिप्पट झाले होते. पण मीरा मॅडमचा निरोप आला की आधी टॅक्स भरा. वहिनींनी भरला. मग व्हेरिफिकेशनचे भरा. तेही भरले. मग खातं गोठलं, ते सोडवायचे भरा.

प्रत्येक वेळी पैसे पाठवायचं नाव वेगळं. कधी कुणी एक ट्रेडर्स, कधी कुणी शर्मा, कधी एखादी ताराबाई. शीतलने ती नावं बघितली आणि म्हणाली, "मावशी, दुकान एक आणि गल्ला दरवेळी दुसऱ्याच्या घरात, असं कुठं असतं?"

वहिनींनाही शंका येत नव्हती असं नाही. मग त्या भरत का राहिल्या? हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही, आम्हाला लगेच समजलं. वहिनींनी देवीपुढे संकल्प केला होता की पूजाचे पैसे हाती येईपर्यंत शुक्रवारी अळणी खाईन. आणि आम्ही व्रतं करणाऱ्या बायका. घेतलेलं मध्येच सोडायचं नाही, हे आमच्या हाडात. सोळा सोमवार धरले आणि पंधराव्याला ताप आला तरी आम्ही उठून बसतो. शेवटचं एकच राहिलंय म्हटलं की आमचे पाय थांबत नाहीत.

ही अळणी शुक्रवारची गोष्ट वहिनींनी भाबडेपणाने मीरा मॅडमला लिहून टाकली होती. दुसऱ्या दिवसापासून मॅडमची भाषाच बदलली. वहिनींनी मला मोबाइल दाखवला. त्यात लिहिलं होतं, "ताई, एवढं केलंत, आता फक्त उद्यापन बाकी आहे. ते अर्धवट ठेवू नका. देवी बघते आहे."

मी ते दोनदा वाचलं. आमचा देव्हाऱ्यातला शब्द त्या बाईने उचलून गल्ल्यावर ठेवला होता.

"किती मागतेय?" मी विचारलं.

वहिनींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या हातांत त्यांच्या आईने घातलेल्या पाटल्या होत्या. फीचे पैसे गेले तरी पूजाचं वर्ष वाचवायला घरात तेवढंच सोनं उरलं होतं. पाटल्याही ॲपात गेल्या की पूजाने घरी बसायचं, एवढं सरळ होतं ते. वहिनींच्या यजमानांना, आमच्या भाऊजींना, यातलं अक्षर माहीत नव्हतं.

मी त्या दिवशी देवीला एवढंच म्हटलं, पैसे देशील न देशील, ती तुझी मर्जी. पण या पाटल्या या हातांतून त्या बाईकडे जाऊ द्यायच्या नाहीत, हे मी धरलंय.

*

वहिनींना नुसतं "हे खोटं आहे" म्हणून भागत नव्हतं. त्या म्हणायच्या, "ताई, ग्रुपात दीडशे बायका आहेत. सगळ्यांना पैसे मिळतात. रोज फोटो टाकतात, 'मॅडम धन्यवाद' म्हणतात. दीडशे जणी खोटं बोलतील का?"

याचं उत्तर संक्रांतीने दिलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला सगळ्या वहिनींकडे जमलो होतो. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर भोगीपासून तिळगुळाच्या चित्रांचा नुसता चिखल झाला होता. माझा मोबाइल दोनदा अडकला. माझ्या नणंदेने तर एकच हलवा चार वेळा पाठवला. गयाकाकूंना मोबाइल नीट दिसत नाही, म्हणून शीतल त्यांना एकेक चित्र दाखवत होती. काकू म्हणाल्या, "सुमे, तुझ्या त्या दीडशे बायांनी काय धाडलं ते बी दाव की."

वहिनींनी 'सुखी गृहिणी' उघडलं. भोगीच्या दिवशी नफ्याचे फोटो. संक्रांतीच्या दिवशी नफ्याचे फोटो. "मॅडम, आज माझे पैसे आले." "मॅडम, तुम्ही देवासारख्या आहात."

"तिळगूळ?" काकूंनी विचारलं.

वहिनी वर-खाली शोधत राहिल्या. एकीचाही नव्हता.

काकूंनी वाण म्हणून मिळालेला कंगवा पिशवीत टाकला. "दीडशे मराठी बाया अन् संक्रांतीला तिळगुळाचा एक मेसेज न्हाई. सुमे, त्या ग्रुपात बाई म्हनून तू एकलीच हाईस."

वहिनींनी हातातली करंडी खाली ठेवली आणि तो ग्रुप पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतला.

*

तरी उद्यापनाचं खूळ काही जाईना. "शंभरातली एक मॅडम खरी असली तर?" असं त्या म्हणायच्या. माणूस बुडताना काडी धरतो तसं ते होतं. त्यांच्या आशेवर हसायला मला जमलं नाही. मी स्वतः आशेवरच जगणारी बाई आहे. पण आशेचा हात धरून तिला चुकीच्या घरात जाऊ द्यायचं नाही, एवढं तर आपल्या हातात असतं.

मी म्हटलं, "वहिनी, उद्यापन म्हणता ना? मग रीतसर करू. उद्यापनाला काय लागतं?"

"सवाष्ण."

"सवाष्ण कुठे बसते?"

"समोर. पाटावर."

"तिला पैसे पाठवतो की जेवायला बोलावतो?"

वहिनींनी स्वतःच मोबाइल घेतला आणि शीतलला बाजूला बसवून लिहिलं, "मॅडम, शुक्रवारी उद्यापन आहे. तुम्ही सवाष्ण म्हणून जेवायला या. ओटी भरते आणि तुमचे राहिलेले पैसे रोख तुमच्या हातात देते."

मॅडमने लिहिलं, ऑफिस मुंबईला आहे.

वहिनींनी लिहिलं, मुंबईहून रातराणीच्या खूप गाड्या आहेत, तिकीट मी काढते.

मॅडमने लिहिलं, सध्या दुबईला आहे.

वहिनींनी लिहिलं, मग व्हिडिओ कॉल करा, निदान तोंड बघून नैवेद्य दाखवते.

बराच वेळ 'टायपिंग' एवढंच दिसत राहिलं. शेवटी निरोप आला, "ताई, जेवणाचा जो खर्च येईल तोही त्याच खात्यात पाठवून द्या."

गयाकाकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "न जेवता जेवनाचं पैसं मागनारी सवाष्ण मी माज्या उभ्या जल्मात पाह्यली न्हाई."

*

इतकं होऊनही एका सकाळी वहिनी पाटल्या रुमालात बांधून सराफाकडे निघाल्या. रात्री मॅडमने धमकी दिली होती की आज दुपारपर्यंत भरले नाहीत तर सगळी रक्कम सरकारजमा होईल आणि वर केस होईल. घाई करायला लावायची, हा यांचा शेवटचा मंत्र. नशीब एवढंच की निघताना वहिनी माझ्या दारावरून गेल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, येता का सोबत? एकटीनं पाय उचलत नाही."

मी गयाकाकूंना हाक मारली. तिघी गेलो.

सराफ म्हातारे आणि सावकाश. पाटल्या वजनकाट्यावर ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "वहिनी, अडचण काय आहे?"

"टॅक्स भरायचाय."

"कशाचा?"

"माझे पैसे अडकलेत. ते सोडवायचा."

सराफांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचे पैसे त्यांच्याकडेच आहेत?"

"हो."

"अन् त्यांना तुमच्याकडून टॅक्स पाहिजे?"

"हो."

"मग त्यातूनच कापून का नाही घेत? मी जुन्या सोन्याची मोड घेतो तेव्हा वितळताना येणारी घट कापतो अन् उरलेले पैसे हातात देतो. आधी घट आणून द्या, मग मोडीचे पैसे देतो, असं मी म्हटलं तर तुम्ही माझ्या दुकानाची पायरी चढाल का?"

वहिनींनी बाकावर बसून, आमच्या देखत, मीरा मॅडमला लिहिलं, "टॅक्स माझ्या रकमेतूनच कापून घ्या."

मॅडमचं उत्तर तयारच होतं. सिस्टममध्ये तसं होत नाही.

वहिनींनी लिहिलं, "दुप्पट कापा."

होत नाही.

"नफा सगळा तुम्ही ठेवा. माझे टाकलेले तेवढे द्या."

होत नाही.

वहिनींचा चेहरा आता बदलला होता. ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं, "सगळेच तुम्ही ठेवा. मला त्यातले फक्त एका नारळाचे पैसे पाठवा. देवीपुढे फोडते आणि विषय संपवते."

आम्ही वाट बघितली. सराफांनी चहा मागवला. चहा संपला. मॅडमने लिहिलं, "ताई, त्यासाठीसुद्धा आधी टॅक्स भरावा लागेल."

वहिनींनी मोबाइल पिशवीत ठेवला. रुमाल सोडला आणि पाटल्या पुन्हा हातात चढवल्या. जराशा घट्ट होत्या, बोटांच्या सांध्याशी अडल्या. गयाकाकूंनी हात धरून त्या आत सारल्या आणि सराफांना म्हणाल्या, "च्याचं पैसं घ्या. उगं आमच्याकडनं बी टॅक्स ऱ्हायला नगं."

*

माझ्या घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "पण माझा संकल्प?"

हा प्रश्न मला खरा वाटला, म्हणून मी त्याचं उत्तरही खरंच दिलं. "संकल्प देवीशी केला होता की मीरा मॅडमशी?"

"देवीशी."

"मग देवीला सांगून बदला. ती ऐकते. नाहीतर आपण इतकी वर्षं तिच्यापुढे कशाला बसलो?"

वहिनींनी हातपाय धुतले. देव्हाऱ्यापुढे बसून उजव्या हातावरून ताम्हनात पाणी सोडलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "स्वतःचे पैसे काढायला मी कुणालाही आधी पैसे देणार नाही. नाव कुठलंही सांगो, टॅक्स म्हणो, फी म्हणो, अनामत म्हणो. आणि जे झालं ते घरच्यांपासून लपवणार नाही."

त्यातला दुसरा भाग मी सांगितला नव्हता. तो त्यांचा त्यांनी घातला.

तो शुक्रवारच होता. गयाकाकू आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी पिठलं टाकलं. वहिनींना पहिला घास दिला, मीठ असलेला. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी पडू लागलं ते सरळ ताटात.

काकू म्हणाल्या, "मीठ मी घातलंय गं. तू वरून घालू नगं."

*

दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेलो. वहिनी लाजेने सगळे मेसेज पुसून टाकणार होत्या, शीतलने मोबाइल काढून घेतला म्हणून वाचले. तिने पैसे पाठवल्याचा प्रत्येक पुरावा, प्रत्येक नाव, सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते. त्याआधी बँकेत जाऊनही तक्रार दिली. सायबरचं काम बघणारे साहेब भले होते. म्हणाले, "उशीर झालाय. पैसे पाठवल्या पाठवल्या लगेच कळवलं असतं तर जास्त पकडता आले असते. तरी बघतो. शेवटचे पाठवले ते अजून पुढे गेले नसतील तर अडवता येतील." आणि खरोखर त्यातले थोडे एका खात्यात अडवून धरलेत. ते कधी मिळतील देव जाणे. मी मिळतील असंच धरून चालते.

साहेबांनी विचारलं, "या मीरा मॅडमबद्दल आणखी काही सांगता येईल?"

गयाकाकू पुढे झाल्या. "गोरी हाय. लई गोरी. केस मोकळे. कपाळाला कायबी न्हाई. फोटोत हसती."

"आजी, तो फोटो कुठूनही उचललेला असतो. ती बाई नसेलसुद्धा. तिकडे कुणी माणूस बसलेला असेल."

साहेब आम्हाला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा काकू पायरीवर थांबल्या. जरा विचार करून म्हणाल्या, "म्हंजी सवाष्णीचं आवतन आमी बाप्याला दिलतं का?"

साहेबांनी तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

*

पोलिसांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर हे लोक टाकून देत नाहीत. दुसऱ्या वेषात परत येतात.

आलेच. गुरुवारी पोथी चालू असताना वहिनींचा फोन वाजला. कुणी वकील बोलत होते. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "मॅडम, आपके पैसे परदेशातल्या वॉलेटमध्ये सापडलेत. मी काढून देतो. फाइल उघडायची थोडी फी आहे." वहिनींचं नाव, गेलेली रक्कम, त्याला सगळं पाठ होतं. ज्यांनी पैसे नेले त्यांच्याशिवाय हे कुणाला ठाऊक असणार?

वहिनी म्हणाल्या, "अध्याय चाललाय. थांबता का?"

"हां, थांबतो."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून चौरंगाजवळ ठेवला. वाचणारीने सूर सोडला नाही. अध्याय झाला, आरती झाली, मंत्रपुष्प झालं. वकील थांबलेला होता. मधूनच त्याच्याकडचा पंखा ऐकू यायचा.

मग वहिनी फोनकडे वाकल्या. मी त्यांचा आवाज एवढा निवांत कधी ऐकला नव्हता. "पैसे सापडलेत ना? मग तुमची फी त्यातूनच कापून घ्या."

"मॅडम, वैसा नहीं होता. फी पहिले..."

"मग राहू द्या," आम्ही सगळ्या एकदम म्हणालो. कुणी ठरवलं नव्हतं. पोथीतलं चरण म्हणावं तसं आलं.

गयाकाकूंनी आरतीचं ताट फोनपुढे धरलं. "पर बाबा, एवढी आरती आयकलीस ती फुकट व्हय रं? ताटात काय टाकतूस?"

फोन कट झाला.

*

भाऊजींना सांगण्याचा प्रसंग मी पाहिलेला नाही. वहिनींनी सांगितला तेवढा सांगते. ते सुट्टीला आले, चपला काढल्या, आणि वहिनींनी पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी सगळं सांगून टाकलं. तांब्या दिला असता तर बसून चहापाणी झालं असतं आणि मग तोंड उघडलं नसतं, म्हणाल्या.

भाऊजी उंबऱ्याजवळच उभे होते. त्यांनी विचारलं, "पाटल्या हायत का?"

"हायत."

"पूजीची फी कवा हाय?"

"या महिन्यात."

"मला सांगाया एवढा उशीर कावून केला?"

वहिनींनी तांब्या त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी दोघं जोडीने त्याच सराफाकडे गेले आणि पाटल्या गहाण ठेवून पूजाची फी भरली. सराफांनी वहिनींकडे बघून विचारलं म्हणे, "आज कशासाठी? पावती देणारं कुणी आहे ना?" वहिनींनी कॉलेजची पावती दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवली. पूजा लातूरला आहे. परवा तिचा फोन आला होता, तिला आता वॉर्डात ड्युटी लागते.

पण त्यानंतर भाऊजी फारसे बोलेनात. यायचे, जेवायचे, जायचे. वहिनी म्हणायच्या, "रागावले असते तर बरं झालं असतं, ताई. माझ्यावरचा भरोसा गेला का काय, तेच कळत नाही." मी त्यांना धीर धरा म्हणत होते, पण मलाही कळत नव्हतं.

*

उसाचा हंगाम संपत आला तेव्हा भाऊजींचा फोन आला. "रविवारी कारखान्यातले चौघं जेवायला आणतो. स्वयंपाक जरा बरा कर." आणि फोन ठेवला.

वहिनींनी मला मदतीला बोलावलं. बाजरीच्या भाकरी, येसराची आमटी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. मी चुलीशी, त्या वाढायला. चौघे बैठकीत ओळीने बसले. त्यातले एक सुपरवायझर होते, भरदार आवाजाचे. बाकीचे तिघं ते बोलतील त्याला मान डोलवत होते.

पहिली भाकरी संपत आली तेव्हा भाऊजी म्हणाले, "सुमन, तुझं ते मोबाइलचं झालं ते सांग यांना. पहिल्यापासून."

माझ्या हातातला उंडा तसाच राहिला. वहिनी परक्या पुरुषांपुढे कधी चार वाक्यं बोललेल्या नाहीत. त्यांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, "माझ्यानं तसं सांगता येत न्हाई. तूच सांग."

सुपरवायझर भाऊजींकडे बघून हसले. "रघुनाथ, बायामाणसाला कुणीबी गंडवतं. त्यांना त्यातलं गणित कळत न्हाई. आपल्याला कोण फसवतंय?"

वहिनींनी पदर खोचला. आमटीचं पातेलं एका हाताने कमरेशी धरलं आणि उभ्यानेच सांगायला लागल्या. ग्रुप, मॅडम, पहिल्यांदा सुखरूप आलेले पैसे. सुपरवायझर मधूनमधून हसत होते. मग तिप्पट झालेले आकडे. मग काढायला गेल्यावर मागितलेला टॅक्स.

तिथे त्यांचं हसू थांबलं.

वहिनी पुढे सांगत राहिल्या. व्हेरिफिकेशन, गोठलेलं खातं, दुपारपर्यंतची मुदत, केसची धमकी. बाकीचे तिघं जेवत होते. सुपरवायझरांचा हात भाकरीच्या तुकड्यावर थांबलेला होता. मांडीजवळ ठेवलेला त्यांचा मोबाइल उजळला, त्यांनी तो न बघताच पालथा घातला.

"वहिनी," त्यांचा आवाज एवढा लहान होईल असं मला वाटलं नव्हतं, "हे टॅक्स, ते व्हेरिफिकेशन... असं किती वेळा मागितलं त्यांनी?"

वहिनींनी वाकून त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

"मी देत होते तोवर," त्या म्हणाल्या.